पाणी, सोडियम, पोटॅशियम : तुमच्या वॉर्डात इनटेक-आउटपुट चार्ट कोण भरतं?

रातपाळी | ११ मे, रात्री १०:४०

मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत बरीच वर्षं काढली. आता नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरना शिकवायचं कामही माझ्याकडे असतं. पेशंटच्या अंगात पाणी किती गेलं आणि बाहेर किती आलं, याची नोंद म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट. हा विषय दर बॅचला पहिल्यापासून सांगावा लागतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. घरात म्हातारं माणूस असलेल्यांनीही जरूर वाचा.

उन्हाळ्यात हमखास येणारा पेशंट म्हणजे सत्तरीच्या आजी. बीपीची गोळी चालू आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड. दोन-तीन दिवस जुलाब. जेवण बंद, पण अंगातलं पाणी कमी पडू नये म्हणून घरचे पाणी आणि चहा पाजत राहिलेले. मग आजी असंबद्ध बोलायला लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत. कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं ऊन लागलं. रिपोर्ट येतो : सोडियम ११४. असायला हवं १३५ ते १४५.

जुलाबात पाणी आणि मीठ दोन्ही गेलं, भरून आलं फक्त पाणी. शरीराला वाटतं रक्ताचा साठा घटलाय, म्हणून मेंदू एडीएच हार्मोन सोडून पाणी धरून ठेवतो. त्यात त्या गोळीमुळे मूत्रपिंडाला जादाचं पाणी बाहेर टाकणं जमत नाही. रक्त पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात आणि कवटीत फुगायला जागा नसते. म्हणून मळमळ, डोकेदुखी, भ्रम, ग्लानी आणि शेवटी झटके.

झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर डॉक्टर ३ टक्क्यांचं सलाईन १०० ते १५० मिलि देतात. ते तातडीचं काम आहे, तिथे थांबायचं नसतं. पण त्यापुढे सोडियम हळूहळूच चढलं पाहिजे. २४ तासांत ८, फार तर १०. कुपोषित, दारूचं व्यसन असलेले, लिव्हरचे किंवा पोटॅशियम कमी असलेले पेशंट असतील तर ८ च्या आतच. घाईने चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. ते लगेच दिसत नाही. पेशंट आधी सुधारतो, घरचे निश्चिंत होतात आणि काही दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय हलत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. आजींना एनएस (नॉर्मल सलाईन, म्हणजे साधं मिठाचं सलाईन) लावली. पहिले काही तास लघवी तासाला ३० मिलि. मग रक्ताचा साठा भरतो, मेंदू एडीएच थांबवतो आणि मूत्रपिंड अडवलेलं पाणी एकदम सोडून देतं. लघवी तासाला २०० वर, कधी ३०० वर जाते. वॉर्डात सगळ्यांना बरं वाटतं, कारण लघवी वाढणं हे सहसा चांगलं लक्षण. या पेशंटमध्ये मात्र तो धोक्याचा इशारा आहे. साधं पाणी बाहेर चाललंय, म्हणजे सलाईनचा वेग तोच ठेवला तरी सोडियम आपोआप वर धावणार. पुढचं सॅम्पल सकाळी ६ ला असेल, तर तोपर्यंत ११४ चं १२८ झालेलं असतं.

हा इशारा रात्री २ वाजता फक्त युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) असतो. लॅबला तो माहीत नसतो, झोपलेल्या डॉक्टरांनाही नसतो. तो माहीत असतो त्या बेडच्या सिस्टरला, तेही तिने दर तासाला मोजलं तरच. लागोपाठ दोन तास लघवी १०० मिलिच्या वर गेली, की मी सकाळची वाट न बघता फोन करायला शिकवते : "सर, बेड ४, सोडियम ११४ चा पेशंट, लघवी गेल्या दोन तासांत ४५० झालीय, सोडियम परत पाठवू का?" डॉक्टर मग सलाईन बदलतात, कधी डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) लावतात, कधी डेस्मोप्रेसिन (एडीएचसारखं काम करणारं औषध) देतात. वेळेत कळलं तर उपाय आहे.

आणि मला चार्टवर काय दिसतं? 'सलाईन २ बाटल्या. लघवी ३ वेळा.' किंवा आठ तासांचे सगळे आकडे एकाच पेनने, एकाच हाताने, शेवटी शून्य असलेले. ५०, १००, ५०, १००. असा चार्ट नसलेला बरा, कारण त्यावर विसंबून कुणीतरी ऑर्डर लिहितं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे, मोकळेपणाने लिहा.

---

तिसरं_वर्ष_जीएनएम | ११ मे, रात्री ११:२५

ताई, खूप उपयोगी. आम्हाला हे सगळं तक्त्यात पाठ करायला लावतात, लक्षणं एका बाजूला आणि कारणं दुसऱ्या बाजूला. युरोबॅग असेल तर मोजता येतं, पण कॅथेटर (लघवीची नळी) नसलेल्या पेशंटचं काय? जुलाब आणि घाम कसा मोजायचा? आणि एनएस, आरएल (रिंगर लॅक्टेट), डीएनएस या सलाईनमधलं कुठलं कशाला, हे मला अजून गोंधळात टाकतं.

---

रातपाळी | १२ मे, सकाळी ९:०५

कॅथेटर फक्त मोजण्याच्या सोयीसाठी घालायचा नाही, त्याने संसर्ग होतो. चालत्या पेशंटला मोजपट्टीचं भांडं द्या आणि लघवी त्यातच करायला सांगा. मावशींना आणि नातेवाइकांना ते का हवंय हे समजावलं की ते मनापासून करतात. 'ओतू नका' एवढंच सांगितलं तर ओततात. डायपर असेल तर कोरड्या डायपरचं वजन आधी लिहून ठेवा, नंतर ओल्याचं करा. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे १ मिलि.

घाम आणि श्वासावाटे जाणारं पाणी मोजता येत नाही. मोठ्या माणसात ते दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलि धरतात, ताप असेल तर त्याहून जास्त. म्हणून चार्टच्या जोडीला रोजचं वजन हवंच. तोच काटा, तीच वेळ, सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी. एका दिवसात १ किलो वाढलं किंवा घटलं तर ते मांस-चरबी नव्हे, तर साधारण १ लिटर पाणी. हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये पाय सुजायच्या आधी वजन बोलतं.

इनटेकमध्ये लपलेलं पाणीही लिहा. दिवसात चार अँटिबायोटिक प्रत्येकी १०० मिलि एनएसमध्ये गेली तर ते ४०० मिलि झाले आणि त्यात ३.६ ग्रॅम मीठ गेलं. ज्या आजोबांच्या ताटातलं लोणचं-पापड आपण काढून घेतो, त्यांना शिरेतून एवढं मीठ देतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) धुतानाचं पाणीही त्यातच धरायचं.

सलाईनचं थोडक्यात. एनएसमध्ये लिटरला सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४. रक्तात क्लोराइड शंभराच्या आसपास असतं, म्हणून लिटरवर लिटर एनएस गेली की क्लोराइड वाढून रक्त आम्ल होतं. आरएलमध्ये सोडियम १३०, क्लोराइड १०९, पोटॅशियम ४, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट. लॅक्टेटचं लिव्हर बायकार्बोनेट करतं, म्हणून जुलाब, भाजणं, रक्तस्राव यांत डॉक्टर बहुधा आरएल निवडतात. आरएलच्या लाइनमधून रक्त चढवायचं नाही, कॅल्शियममुळे गुठळी होते. ५ टक्के डेक्स्ट्रोजमधली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरतं नुसतं पाणी. सोडियम कमी असलेल्या पेशंटला चुकून तीच बाटली लागली तर काय होईल, हे तुझं तुलाच आता सांगता येईल. डीएनएस म्हणजे एनएसमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज.

---

अबोली | १२ मे, दुपारी १:३०

मी नर्सिंगमधली नाही. वडिलांची किडनी निम्म्याच्या खाली काम करते, डायलिसिस नाही अजून. मागच्या महिन्यात ताप आला म्हणून ॲडमिट केलं, तर भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन. चुलत्यांनी तर 'किडनी साफ होते' म्हणून रोज दोन पाजली. चौथ्या दिवशी पोटॅशियम ६.४ आलं आणि एकदम धावपळ झाली. एका सिस्टरने नंतर उशाशी ठेवलेली शहाळी बघून शांतपणे विचारलं, ही कुणाची? तोपर्यंत आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. शहाळ्याने खरंच एवढं होतं का?

---

किडनीवॉर्ड | १२ मे, दुपारी ३:५०

अबोलीताई, हो, होतं. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर, लिटरला ४०-५० मिलीइक्विव्हॅलंटच्या (क्षार मोजायचं एकक) घरात. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. वडिलांच्या मूत्रपिंडाला ते जमत नाही. त्यात टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध चालू असेल तर पोटॅशियम आणखी साठतं. बाजारातलं 'लो सोडियम' मीठही तपासा, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून लोक किडनीच्या पेशंटला तेच देतात. मोसंबी, केळी, टोमॅटोचं सार, पालेभाज्या यांचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं.

मी डायलिसिस युनिटमध्ये ब्रदर आहे. आठवड्यातून तीनदा येणाऱ्यांना एकदा दोन दिवसांची सुट्टी पडते, त्यानंतरचा दिवस आम्हाला सगळ्यात जड. पेशंट म्हणतो, पाय गळून गेलेत, छातीत कसंसंच होतंय. आम्ही आधी ईसीजी काढतो. टी वेव्ह (ईसीजीतल्या एका प्रकारच्या लाटा) उंच, टोकदार आणि अरुंद दिसल्या तर रिपोर्टची वाट बघत नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलि, हळू, मॉनिटर बघत. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाला संरक्षण मिळतं. मग इन्सुलिन डेक्स्ट्रोजबरोबर आणि साल्ब्युटामॉलची नेब्युलायझेशन, यांनी पोटॅशियम पेशीत ढकललं जातं. शरीराबाहेर ते काढतं डायलिसिसच. इन्सुलिन दिल्यावर पुढचे काही तास शुगर तपासत राहायला विसरू नका, या पेशंटमध्ये ती उशिरानेही घसरते. आणि ज्या लाइनमधून कॅल्शियम चाललंय तिथे सोडाबायकार्ब देऊ नका, लाइनमध्ये खडूसारखा साका धरतो.

एक उलट बाजूही. ईसीजी साधा, पेशंट ठणठणीत आणि रिपोर्ट ६.८ असेल तर आधी सॅम्पल कसं घेतलं ते विचारा. टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) बराच वेळ बांधून ठेवलेलं, मूठ उघड-बंद करायला लावलेली, बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त. पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर येतं. सलाईन चालू असलेल्या हातातून सॅम्पल घेऊ नका, हे तर मी रोज सांगतो.

---

लीड्सची_नर्स | १२ मे, संध्याकाळी ७:१५

पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर एक जोडते. मी नाशिककडची, आता इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात आहे. इथे २००२ साली रुग्णसुरक्षा संस्थेने इशारा काढला आणि पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र ॲम्प्युल सर्वसाधारण वॉर्डातून काढून टाकल्या. वॉर्डात आधीच मिसळून आलेली बाटली मिळते. भारतात असताना ट्रेमध्ये ती ॲम्प्युल इतर ॲम्प्युलच्या शेजारी पडलेली असायची.

१० मिलिच्या त्या ॲम्प्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ती शिरेत थेट ढकलली तर हृदय थांबतं. याला अपवाद नाही. बाटलीतच मिसळायची, बाटली अनेकदा उलटसुलट करायची, नाहीतर जड द्रावण तळाशी राहतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं पोटॅशियम आत जातं. चालू असलेल्या, टांगलेल्या बाटलीत वरून टोचायचं नाही. साध्या व्हेनफ्लोतून (हाताच्या शिरेतल्या छोट्या नळीतून) तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर सहसा जात नाहीत, त्याहून जास्त लागलं तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि मॉनिटर. आणि लघवी होतेय ना, हे बघितल्याशिवाय सुरू करायचं नाही. पेशंट 'हात जळतोय' म्हणाला तर ते खरं माना, वेग आणि शीर दोन्ही बघा.

---

गावडॉक्टर | १२ मे, रात्री ९:३०

रातपाळी सिस्टरांच्या आजींना जुलाब सुरू झाल्या दिवशीच कुणी ओआरएस दिलं असतं तर त्या बहुधा आयसीयूत पोचल्याच नसत्या. म्हणून थोडं त्यावर.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मोजून पाकिटं तयार करून घेतली, ती पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिली. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला. पाजणाऱ्या बहुतेक आया-बहिणी होत्या. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ग्लुकोज ताकदीसाठी नसतं. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात, पाणी त्यांच्यामागे जातं, आणि कॉलऱ्यातही हा रस्ता शाबूत असतो. आताच्या सूत्रात लिटरला सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. एकूण २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडं पातळ. साखर जास्त घातली तर आतडं उलट पाणी सोडतं आणि जुलाब वाढतात. बाजारातली गोड पेयं म्हणूनच ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी केली, फार आधी व्हायला हवं होतं.

गावात दिसणारी मोठी चूक पाकिटाची. १ लिटरचं पाकीट आणि २०० मिलिचं पाकीट दोन्ही मिळतात. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर बाळाचं सोडियम १६० च्या वर जाऊ शकतं, लहान पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर काहीच उपयोग नाही. 'थोडं थोडं काढून' वापरणंही चूक. आशाताईंना मी पाकीट हातात देऊन, त्यावरचा आकडा वाचून घेऊन, समोर कालवून घ्यायला सांगतो. तयार केलेलं २४ तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. मुलाला जोडीला झिंक १४ दिवस, रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०.

---

खान्देशी | १३ मे, सकाळी ८:१०

सगळं पटतंय. पण मी ज्या वॉर्डात आहे तिथे रात्री ४० पेशंटना आम्ही दोघी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागे एक नर्स असा आहे. दर तासाला ४० युरोबॅगा वाचणार कोण? तो ५०-१००-५० चा चार्ट आळसातून येत नाही, ताई.

---

रातपाळी | १३ मे, सकाळी १०:४५

खान्देशी, तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं आहे आणि मी ते वरच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. ४० जणांचा तासातासाचा चार्ट दोघींना शक्य नाही, तो मागणंच अन्याय आहे. म्हणून मी इन्चार्ज सिस्टरांना सांगते की संध्याकाळच्या ओव्हरमध्ये (ड्यूटी बदलताना) ठरवा, आज तासाचा चार्ट कुणाचा. सोडियम १२० खाली, शुगर वाढून ॲसिडोसिस झालेला, पोटॅशियम चाललेला, शॉकमधला, मूत्रपिंड बंद पडत असलेला. बहुतेक रात्री असे चार-पाचच निघतात. बाकीच्यांचा चार्ट आठ तासांचा चालेल. आणि जे मोजलं नाही तिथे 'मोजलं नाही' लिहा. रिकामी चौकट डॉक्टरला सावध करते, खोटा आकडा निर्धास्त करतो. मनुष्यबळाची मागणी करायलाही ती रिकामी चौकटच पुरावा म्हणून लागते.

---

तिसरं_वर्ष_जीएनएम | १३ मे, रात्री ८:२०

ताई, शेवटचा प्रश्न. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंचा आणि आम्लतेचा रिपोर्ट) वाचायला बसले की हात थरथरतात. आज पोस्टिंगला एक मुलगा होता, १९ वर्षांचा, उलट्या आणि पोटदुखी. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड २६, बायकार्बोनेट १२, सोडियम १३६, क्लोराइड १००, पोटॅशियम ३.१, शुगर ४८०. श्वास खोल आणि भराभर. डॉक्टरांनी इन्सुलिन लगेच सुरू केलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

---

रातपाळी | १३ मे, रात्री १०:००

सावकाश जाऊ. पीएच ७.३५ च्या खाली म्हणजे ॲसिडोसिस, रक्त आम्ल झालंय. आता कोण दोषी? कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ असतो, त्याचा २६ झालाय, म्हणजे फुफ्फुसं ॲसिड बाहेर फेकतायत, ती मदत करतायत. बायकार्बोनेट २२ ते २६ असतं, ते १२. म्हणजे बिघाड मेटाबॉलिक आहे, श्वासाचा नाही. फुफ्फुसांची मदत पुरेशी आहे का? बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८ : १८ अधिक ८, म्हणजे २६. बरोब्बर जुळतंय. तो जर ४० आला असता तर मुलगा थकतोय असं समजून आयसीयूला फोन करायचा.

आता सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा कर. १३६ वजा ११२, म्हणजे २४. नेहमी ८ ते १२ असतं. रक्तात न मोजलेलं ॲसिड साठलंय, शुगर ४८० आहे, म्हणजे कीटोन (साखर वापरता येत नाही तेव्हा चरबीपासून बनणारं ॲसिड). जुलाबाच्या ॲसिडोसिसमध्ये ही वजाबाकी सहसा वाढत नाही, कारण तिथे बायकार्बोनेट जाऊन त्याची जागा क्लोराइड घेतं.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ३.१ मध्ये आहे. ॲसिडोसिसमध्ये, इन्सुलिन नसताना, पोटॅशियम पेशीतून बाहेर येतं आणि लघवीतून वाहून जातं. रक्तात ते नॉर्मल किंवा जास्तही दिसू शकतं, पण शरीराचा साठा रिकामा असतो. याचं तर आताच कमी आहे. इन्सुलिन दिलं की उरलेलं पोटॅशियम पेशीत शिरेल आणि हृदयाचे ठोके बिघडतील. म्हणून ३.५ च्या खाली असेल तर आधी सलाईन आणि पोटॅशियम, मग इन्सुलिन. तुझ्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं.

उद्या गेलीस की त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोज, मॉनिटरवरचा आकडा लिहू नकोस. शुगर तासाला, पोटॅशियम दोन ते चार तासांनी. आणि पोटॅशियमची बाटली लावायच्या आधी लीड्सच्या ताईंनी लिहिलंय ते बघ : गेल्या दोन तासांत लघवी किती झाली?

---

तिसरं_वर्ष_जीएनएम | १३ मे, रात्री १०:१८

१८० मिलि, ताई. वजन ५२ किलो. मीच मोजली होती.